ड्रमरचं गाणं

डिसेंबर लागला की बंगळुरूत आमच्या जे. पी. नगरच्या कोपऱ्यावर अवरेकाईचे ढीग पडतात. गाडीवर, पोत्यावर, फुटपाथवर, जागा मिळेल तिथे हिरव्या शेंगा. आई वर्षानुवर्षं म्हणते आहे की हा आपला पावटाच, आणि भाजीवाली अक्का तितकीच वर्षं तिला समजावते आहे की पावटा वेगळा, अवरेकाई वेगळी. मग अक्का एक शेंग मोडते आणि आईच्या नाकाखाली धरते. "सोगडु नोडी अम्मा, सोगडु." सोगडु म्हणजे त्या शेंगेचा कच्चा, तेलकट, मातीकडचा वास. चांगल्या शेंगेला तो असावाच लागतो, आणि एकदा बोटांना लागला की साबणालाही दाद देत नाही. यंदा तो नाकात गेला आणि माझं तोंड कडू झालं. शेंगा उत्तम होत्या. पोट माझं दुखत होतं, आणि ते गेल्या वर्षीच्या याच दिवसांपासून दुखतं आहे.

गेल्या वर्षी अवरेकाईच्या दिवसांत आम्ही अल्बम केला.

आम्ही म्हणजे 'नो फ्री लेफ्ट'. एका चौकातल्या पाटीवरचे हे तीन शब्द. बँडची पहिली तालीम होती त्या दिवशी आमचा ड्रमर दत्ता त्या पाटीखाली पोलिसाच्या तावडीत सापडला, उशिरा आला, आणि तालीमभर दुसरं काही बोललाच नाही. म्हणून तेच नाव पडलं. विद्या गाते, ती इथलीच, कन्नड. फिलिप बास वाजवतो आणि गप्प असतो. मी गिटार वाजवतो आणि गाणी लिहितो. 'गाणी मी लिहितो' हे वाक्य वीस-बावीस वर्षं मी इतकं सहज म्हणत आलो की त्यात काही अभिमानाचं आहे हे मलाही कधी जाणवलं नव्हतं. आपण आपला पत्ता सांगतो तसं ते सांगायचो. पुण्याहून नोकरीसाठी या शहरात आलो, नोकऱ्या बदलल्या, पदं वाढली, केस गेले, आईला इथे आणलं, पण कुणी विचारलं की तू काय करतोस, तर मनातलं पहिलं उत्तर तेच असायचं.

आमची गाणी इंग्रजी. धुकं, काचेच्या इमारती, उड्डाणपूल, रात्री न लागणारी झोप, एकटेपणा. ज्यांना असलं संगीत आवडतं त्यांच्यात आमचं बरं नाव आहे. दाढी पांढरी झालेली माणसं विमानतळावर भेटतात आणि सांगतात की कॉलेजात असताना तुम्हाला ऐकलं होतं. हे कौतुक असतं, पण त्यातला भूतकाळ टोचतो. म्हणून बऱ्याच वर्षांनी पुन्हा स्टुडिओत जायचं ठरलं तेव्हा मी फार मेहनत घेतली. वर्षभर लिहीत होतो. अल्बमचं नाव फिलिपने सुचवलं, 'लोअर बर्थ'. आता चौघांनाही प्रवासात खालचाच बर्थ लागतो, असं तो म्हणाला, आणि त्या महिन्यात तो बोललेलं बहुधा तेवढंच वाक्य असेल.

आमचा एक नियम आहे. प्रत्येक गाण्याखाली चौघांचीही नावं. कोणी लिहिलं, कोणी चाल लावली, हे मंचावर सांगायचं नाही, मुलाखतीत सांगायचं नाही, मित्रांनाही सांगायचं नाही. गाणं बँडचं. हा नियम पहिल्या अल्बमच्या वेळी मी मांडला आणि बाकीच्यांनी मान डोलावली. त्या नियमाचं मला मोठं कौतुक होतं. सगळी गाणी आपलीच असताना चौघांची नावं लिहायला काहीच जड जात नाही, हे तेव्हा कुठे कळत होतं. स्वतःच्या ताटात वाढलेलं असलं की माणूस पंक्तीला आग्रह करतो.

आता दत्ताबद्दल. दत्ता निपाणीकडचा. यशवंतपूरच्या बाजारात त्याच्या घरचा गुळाचा घाऊक व्यापार आहे आणि तो जोरात चालतो. गाडी माझ्याहून मोठी, आवाज माझ्याहून मोठा, हसणं तर विचारूच नका. अंगाला कायम गुळाचा वास. ड्रम मात्र असे वाजवतो की अख्खा बँड त्याच्यावर पाठ टेकून बसू शकतो. पण ड्रमरकडून गाणं येईल अशी अपेक्षा कुणी केली नव्हती. बैल शेत नांगरतो, त्याच्याकडे कुणी दूध मागत नाही.

गेल्या डिसेंबरात, रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीच्या रविवारी सकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो, आई, माझी बायको मेधा आणि मी. अवरेकाईचे दाणे काढून रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबायचा. साल बोटात राहते आणि आतला दाणा सुळकन उडतो. इथे त्याला हितकबेळे म्हणतात. काम असं आहे की एकट्याने करायला गेलं तर वेड लागेल आणि चौघांनी केलं तर गप्पांत संपतं. या शहरातल्या घराघरांत या दिवसांत माणसं अशीच ओल्या बोटांनी बसलेली असतात. बाहेर थंडी होती, म्हणजे पुण्याची माणसं हसतील अशी थंडी, पण इथे कानटोप्या निघतात. धनुर्मास होता, देवळाचा भोंगा नुकताच थांबला होता. तेवढ्यात फोन वाजला. दत्ताने बोलून पाठवलेला निरोप होता. हात ओले म्हणून मेधाने कोपराने फोनला धक्का देऊन तो मोठ्याने लावला.

आधी नुसती टिकटिक आली. गाडीचा इंडिकेटर. मग मागून कुणीतरी कन्नडमध्ये कुणावर तरी ओरडलं. मग दत्ताचा आवाज, बेसूर, घसा न खाकरलेला, त्या टिकटिकीच्या तालावर:

किल्ली शेजारच्या काकूकडं हाय,
भात झाकून ठेवलाय,
कवा बी ये.

आणखी चार ओळी होत्या. मोरीतला दिवा चालू ठेवला आहे, कुत्रं भुंकलं तर त्याला नावाने हाक मार, आणि पुन्हा ते 'कवा बी ये'. शेवटी म्हणाला, "काय गा शिरीष, बघ काय व्हतंय का ह्याचं. सिग्नल सुटला, ठेवतो."

आईची बोटं थांबली होती. टेबलावर एक दाणा गरगरत होता तो तिने हाताने अडवला. माझी गाणी आई ऐकते, नाही असं नाही. प्रत्येक अल्बम तिने शेवटपर्यंत ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी 'छान झालंय हो, मेहनत दिसते' असं म्हटलं आहे.

"परत लाव," आई म्हणाली.

मेधाने परत लावलं. आणि मग तिसऱ्यांदा. मी मान खाली घालून दाणे दाबत राहिलो आणि माझ्या हातून दाणेच चिरडायला लागले.

लोक हेवा म्हणतात, असूया म्हणतात, मत्सर म्हणतात. हे सगळे शब्द मला सणासुदीचे कपडे घातल्यासारखे वाटतात. मला झालं त्याला आमच्याकडे पोटात दुखणं म्हणतात, आणि त्यात काहीही लाक्षणिक नाही. बरगडीच्या खाली, डाव्या बाजूला, खरोखर दुखतं. पहिली गोष्ट मी काय केली असेल, तर त्याने हे कुठून उचललं ते शोधायला लागलो. चाल कुठे ऐकली आहे का, ओळी कुणाच्या आहेत का. मत्सर आधी चोरीच्या तपासाला निघतो. काही सापडलं नाही. सापडण्यासारखं नव्हतंच, कारण त्या ओळी दत्ताच्या आईच्या होत्या. निपाणीला जाण्याआधी तो फोन करायचा तेव्हा ती माउली हे एवढंच बोलायची, आम्हीही ते त्याच्या फोनमधून कित्येकदा ऐकलं होतं. मी तिथेच असायचो. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा मी त्याच्यासोबत निपाणीलाही गेलो होतो. ऐकणारे आम्ही दोघं, गाणं मात्र त्याला दिसलं. या एका गोष्टीचा मला जितका राग आला तितका आयुष्यात कशाचा आला नाही.

तो सिग्नलला सुचवून घेतो आणि मी वर्षभर वह्या काळ्या करतो. त्याने हालअपेष्टा काढल्या असत्या, रात्री जागवल्या असत्या, व्यापार बुडवला असता, तर मी समजून घेतलं असतं. पण हा माणूस गूळ विकून, पोटभर जेवून, एसी लावलेल्या गाडीत बसून असलं गाणं करतो म्हणजे काय?

इंदिरानगरच्या एका गल्लीत तळघरात स्टुडिओ आहे. वर हॉटेल, त्याच्या स्वयंपाकघरातली फोडणी खाली झिरपते. शनिवार-रविवारी सकाळी आम्ही तिथे जमायचो. दत्ता बाजारातला सौदा उरकून कागदात गुळाचा खडा बांधून आणायचा, बुक्कीने फोडायचा, आणि चहाच्या घोटागणिक आम्ही तो चघळायचो. माझी नऊ गाणी झाली आणि दहावं हे आलं. मी म्हणालो, गाणं चांगलं आहे पण थोडं रिकामं वाटतं आहे, मी त्यात गिटार भरतो. माझ्या आवाजात मदतीची भावना ओसंडून वाहत होती. ओठात एक, पोटात एक. मी त्या गाण्यावर गिटारचे थर चढवले, एकावर एक, चार. पावसाळी ढगांसारखी एक, घंटेसारखी एक, उलटी वाजणारी एक, आणि शेवटी मधोमध एक लांबलचक एकल तुकडा, जो मला आजही वाईट वाटत नाही.

विद्या काचेपलीकडून ऐकत होती. तिला मराठी येत नाही. ओळी तिने दत्ताकडून एकेक अक्षर करून घेतल्या होत्या.

"शिरीष, स्वल्प कम्मी माडो," ती म्हणाली. थोडं कमी कर.

मी उलटी गिटार काढली.

"इन्नू स्वल्प."

अजून थोडं. मी घंटा काढल्या. मग ढग काढले. मग तो मधला तुकडा काढताना मी बटणावर बोट जरा जास्त वेळ ठेवलं, विद्याने काही म्हणायची वाट पाहिली. शेवटी दत्ताचे हलके ड्रम, फिलिपचा बास आणि तिचा आवाज एवढंच उरलं. मी कुठेच नव्हतो.

"ईग सरी," विद्या म्हणाली. आता बरोबर.

आणि बरोबर होतं. हेच तर दुखणं आहे. गाणं वाईट असतं तर मी त्याचा सगळ्यात मोठा चाहता झालो असतो.

अल्बम गणपतीच्या सुमारास आला. आमच्यासारख्या जुन्या बँडचा अल्बम आला की लोक तो ऐकण्याआधीच त्याच्याबद्दल आदराने बोलतात. माझ्या नऊ गाण्यांना सगळ्यांनी आदर दिला. परिपक्व म्हटलं, भरवशाची म्हटलं. भरवशाचा हा शब्द जुन्या स्कूटरबद्दल वापरतात. आणि मग प्रत्येकाचा परिच्छेद बदलायचा, लिहिणाऱ्याचा श्वास बदलायचा, आणि ते दहाव्या गाण्याकडे वळायचे. एका तरुण समीक्षकाने तर लिहिलं की या गाण्यात बँडच्या गिटारवादकाने जो संयम दाखवला आहे तो फक्त अनुभवाने येतो. मेधाने ते वाचून दाखवलं आणि ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मलाही हसू आलं, पण माझं हसू गळ्यापर्यंत येऊन परत गेलं. एका कन्नड वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत लिहून आलं की मराठी कळत नसूनही या गाण्याला सोगडु आहे. विद्याने तो शब्द बोटाने दाखवला. वीस वर्षं मी इतक्या शब्दांची वाट पाहिली, पण या शब्दाची वाट पाहायला हवी होती हे मला माहीतही नव्हतं. तो आला तोही माझ्या अंगावरून दुसऱ्याच्या घरी गेला.

पण तो गेला तो माझ्याच पत्त्यावर, हा खरा विनोद. बँडमध्ये गाणी लिहिणारा मी, त्यात मराठी, त्यात पुण्याचा. नियमाप्रमाणे खाली चार नावं. मग लोकांना आणखी काय हवं? पुण्याहून मामेभाऊ फोनवर म्हणाला, शेवटी मातीकडे वळलास. ऑफिसातल्या कँटीनमध्ये नागपूरचा एक पोरगा माझ्यासमोर ट्रे घेऊन उभा राहिला. "सर, ते किल्लीवालं सॉंग तुमचंच ना? मी लिटरली रडलो सर. पीजीमध्ये राहतो ना मी, रूमवर गेलो की किल्ली माझ्याच पॉकेटमध्ये असते." त्याचे डोळे पुन्हा भरले होते.

"ते बँडचं गाणं आहे," मी म्हणालो.

"काय सर, किती मॉडेस्ट आहात तुम्ही," तो म्हणाला.

मी खरं तेच सांगत होतो आणि प्रत्येक वेळी ते विनय म्हणून माझ्याच खात्यात जमा होत होतं. कुणी गळ्यात हार घालावा आणि तो हार शेजाऱ्याच्या मापाचा असावा, तसं काहीसं. काढता येत नाही, आणि घालून फिरलं तर टोचतो. एकदा मी दत्ताला म्हणालो, नियम मोडूया, सांगून टाकू की हे तुझं आहे. तालीम संपली होती, तो झांजा पुसत होता.

"कशाला उगंच? नियम तूच केलायस न्हवं," तो म्हणाला. "आनि लोकांनी गाणं ऐकलं, बास की. माझ्या नावानं काय गोडी वाढती व्हय त्याची?"

त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी पुष्कळ शोधला. नव्हता. मी स्वतःशी म्हणालो, याला किंमतच कळत नाही. मग वाटलं, किंमत मलाच नको इतकी कळते.

मेधाने एकदा सरळ विचारलं. रात्रीची भांडी आवरत होतो. "तुला नक्की त्रास कशाचा होतो? त्याचं गाणं चांगलं आहे याचा, की ते तुझं नाही याचा?"

"दोन्हीचा."

"मग ठीक आहे. एकाचाच झाला असता तर मला काळजी वाटली असती," ती म्हणाली आणि कढई माझ्या हातात दिली.

दिवाळीनंतर इंदिरानगरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. दहावं गाणं सुरू झालं आणि समोरची सगळी मुलं गायला लागली. बंगळुरूची कन्नड मुलं, केरळची, दिल्लीची, कुणाकुणाची, आणि सगळी निपाणीच्या बोलीत 'कवा बी ये' म्हणत होती. त्या गाण्यात मला काम नाही. गिटार गळ्यात, हात तारांवर, आणि वाजवायला काही नाही. लग्नात आहेर आणायला विसरलेल्या पाहुण्यासारखा मी उभा होतो. आणि ती सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. गाणं लिहिणाऱ्याकडे बघतात तसं, ओल्या डोळ्यांनी, उपकार मानत. मी वळून मागे पाहिलं. दत्ताचे डोळे मिटलेले होते आणि तोंड नेहमीसारखं उघडं, दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं. त्याला कुणी बघत नव्हतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. तो वाजवत होता. त्या क्षणी मला त्याच्या गाण्यापेक्षा त्या मिटलेल्या डोळ्यांचा जास्त हेवा वाटला. मी वाजवताना कधी डोळे मिटलेले नाहीत. कोण बघतं आहे ते मला बघायचं असतं.

मग मी ठरवलं की आपणही असं लिहायचं. शेवटी मराठी माझीही आहे, थोडी जास्तच आहे असं मला वाटायचं. आईच्या चष्म्यावर लिहिलं. डब्यावर लिहिलं. उन्हाळ्यात गॅलरीत वाळत घालतो त्या आंब्याच्या साठांवर लिहिलं. सगळ्या ओळी फोटो काढायला उभ्या केल्यासारख्या झाल्या, केस विंचरलेल्या, हात घडी घातलेल्या. मेधाने वाचून 'छान आहे' म्हटलं. आमच्या लग्नाला जितकी वर्षं झाली आहेत तितक्या वर्षांत 'छान आहे' म्हणजे काय हे मला पाठ झालं आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर अंगण त्याच निपाणीकराने सरळ करून दाखवलेलं.

आणि आता पुन्हा शेंगा आल्या आहेत. कोपऱ्यावर सालींचा खच, गायी त्यात तोंड घालून उभ्या. आईने गेल्या रविवारी दत्ताला जेवायला बोलावलं. मला न विचारता, परस्पर फोन करून. हितकबेळ्यांची आमटी, तांदळाच्या पिठाची अक्की रोटी, आणि त्याच्यासाठी मुद्दाम तूप. दत्ताने येताना गुळाची ढेप आणली आणि ती स्वयंपाकघरात ठेवेपर्यंत अख्ख्या घराला हसवलं. जेवताना आईने त्याला त्याच्या आईबद्दल विचारलं, ती भाकरी कशी थापायची, ती भांडायची का, तिचे गुडघे दुखायचे का. तोही मजेत सांगत होता. माझ्या आईने माझ्या कुठल्याही गाण्यावरून मला कधी एवढे प्रश्न विचारले नव्हते. मी आमटी वाढून घेतली, दुसऱ्यांदा, भूक नसताना.

जेवणानंतर आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलो. उन्हाच्या तिरिपेतल्या वेताच्या खुर्चीवर तो, समोर मी. कॉफी झाली. तो थोडा वेळ गुडघ्यावर बोटं वाजवत राहिला.

"शिरीष, आनि एक घावलंय," तो म्हणाला.

हे मी वर्षभर ऐकायचं टाळत होतो. एक गाणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, असं म्हणता येतं. दोन झाली की म्हणता येत नाही.

त्याने गुडघ्यावर ठेका धरला आणि हळू म्हणाला:

पावणं गेलं, दारातल्या चपला गेल्या,
कपात कप, बशीत बशी,
पंखा उगंच फिरतोय.

एवढंच. मग थांबला.

"फुडं जमंना. उन्हाळ्यापासनं एवढंच घेऊन फिरालोय. तू बघ की जरा."

"मी?"

"मग कोन? लिहिनारा तू हायेस. मला एकदा घावलं मर्दा, तुझं रोजचं काम हाय ते."

हे त्याने खरं मानून म्हटलं. मी लिहिणारा आहे याबद्दल जगात बहुधा त्याची एकट्याचीच खात्री उरली असावी, माझीही नाही. आणि त्या खात्रीचाही मला राग आला. इतकं सहज कुणी कुणाला आपलं अर्धं गाणं देतं का? मी दिलं असतं का? मी वह्या कुलपात ठेवतो.

"बघतो," मी म्हणालो.

तो गेला. गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळून विरला. मेधा आत आडवी झाली. मी कप उचलत होतो, एकात एक घालत होतो, आणि काय करतो आहे ते लक्षात येऊन मला माझंच हसू आलं. तेवढ्यात आई आतून आली, पदराला हात पुसत, आणि ऊन होतं म्हणून दत्ताच्या खुर्चीवर बसली. मी तिच्या समोर, कप घेऊन तसाच उभा. ती जरा माझ्याकडे बघत राहिली, परक्याच्या घरी आल्यासारखी, आणि म्हणाली,

"मग? तुझं कसं चाललंय?"

एकाच घरात राहतो आम्ही. रोज दोन वेळा एकत्र जेवतो. हा प्रश्न तिने मला याआधी कधी विचारला होता ते आठवेना. मी "ठीक चाललंय" म्हणालो आणि कप घेऊन आत गेलो, आणि सिंकशी पोचेपर्यंत कडवं तयार होतं. मी ते केलं नाही. ते आलं, दत्ताच्या बोलीत आलं, त्याच्या ठेक्यावर आलं:

आता आपणच बसू पावण्यांच्या जागी,
इचारू एकमेकांस्नी,
कसं चाललंय?

मी नळाखाली हात धरून उभा राहिलो. इतकी वर्षं लिहितो आहे, आपलं चांगलं कोणतं हे कळण्याइतकी अक्कल नक्की आली आहे. आजवर लिहिलेल्या सगळ्यात या तीन ओळी वर आहेत. धुकं, काच, उड्डाणपूल सगळं एका पारड्यात घातलं तरी या तीन ओळींचंच पारडं जड होईल. आणि त्या दुसऱ्याच्या गाण्यातल्या आहेत.

मी त्या सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. त्यांच्याभोवती माझं स्वतःचं गाणं बांधून पाहिलं, नवी चाल, नवी सुरुवात, माझ्या भाषेत. पण आधी पाहुणे गेल्याशिवाय त्यांच्या जागी कोण बसणार? दत्ताच्या त्या तीन ओळी नसल्या की माझ्या तीन ओळी नुसत्या रिकाम्या खुर्चीत बसून राहतात. मनात हिशोबही केले. दिल्या तर खाली चार नावं लागतील, लोक पुन्हा माझीच पाठ थोपटतील, आणि या वेळी अर्धी थाप खरी असेल. पण अर्ध्याने माझं भागणार नाही हे मला माहीत आहे. कुणीतरी, निदान एकाने तरी, दत्ताच्या ओळी झाल्यावर म्हणावं की खरी मजा पुढे आहे. आणि ते म्हणू शकणारा माणूस एकच आहे, ज्याला माहीत असेल की पुढचं माझं आहे. तो म्हणेलही, मोठ्याने, अख्ख्या स्टुडिओला ऐकू जाईल असं, पोट धरून हसत. त्या हसण्याच्या कल्पनेनेच माझा हात फोनवरून मागे येतो.

काल त्याचा फोन आला. मागे बाजार गरजत होता.

"जमलं काय गा?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"असू दे, असू दे. सवडीनं कर. तुझ्याकडं हाय म्हणजे मला घोर न्हाई," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आज सकाळी आंघोळीला गेलो. बादली भरत होती, अंगाला साबण लावला होता. मी गुणगुणतो आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि डोळे मिटलेले होते. पाहुणे गेले, कपात कप गेले, पंखा फिरला, आणि माझ्या ओळी लागल्या, तेव्हा बाहेर पॅसेजमध्ये पावलं थांबल्यासारखं वाटलं. मी शेवटपर्यंत म्हटलं. मग दारावर टकटक झाली.

"शिरीष," आई म्हणाली, "परत म्हण ना रे ते." आणि थोडं थांबून, "कुणाचं आहे?"

मी नळ मोठा सोडला.